खेकडा नाल्याजवळ थांबतो

मु. खडकी, ता. राळेगाव
२४ नोव्हेंबर

चि. नयन,

तुझी आणि तुझ्या आईची, विमलताईची, मला रोज आठवण येते हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढे कामाचं बोलता येईल. इकडे कापसाची वेचणी सुरू आहे, थंडी पडायला लागली आहे आणि माझे गुडघे होते तिथंच आहेत. तू तिकडे चाकणला जेवणाची हेळसांड करू नकोस, असं मी लिहीन आणि तू करशीलच.

पत्र पाहून चक्रावला असशील. मावशीला फोन करता येत नाही का, असं म्हणशील. येतो रे, पण घरात रेंज नाही. मारुतीच्या पारावर उभं राहून ओरडावं लागतं आणि पारावरची रिकामटेकडी मंडळी मान वळवून ऐकतात. मागे सुनेला, शुभदाला, पोट साफ होत नाही एवढंच सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी शेजारून एरंडेल आलं. अंगणवाडीत सेविका होते तेव्हा अहवाल लिहून लिहून हात घोटलेला आहे, म्हणून लिहिते. तूही पत्रानंच उत्तर दे.

तर, तुझा खेकडा आजारी आहे.

आठवतो ना? यवतमाळजवळच्या त्या रिसॉर्टात तू नोकरीला होतास, तिथं शहरातली पोरं ज्यावर बसून टेकडीवर हुंदडायची, ती चार जाड चाकांची, मोटारसायकलसारख्या हँडलची बुटकी गाडी. रिसॉर्ट बंद पडलं आणि तू ती उचलून थेट माझ्या दारात आणलीस. पांदणीच्या चिखलातून शेतात जायला तुला बरी पडेल म्हणालास. साठी उलटलेली बाई पदर खोचून गाडीवर बसलेली पाहून सगळं गाव हसलं. आमच्या शेतावरच्या देवरावनं तिचं नाव खेकडा ठेवलं. आता गावाला सवय झाली आहे, बैलसुद्धा बुजत नाहीत.

दुखणं असं आहे. सकाळी चोक ओढला की एका झटक्यात सुरू होते. गावातून गुमान जाते. पांदणीत शिरली की थोड्या वेळानं आचके द्यायला लागते आणि नाला आला की भक् भक् करून बंद. मग कितीही बटन दाबा. मी बांधावर बसते, तिला शिव्या घालते, घाम पुसते. जरा वेळानं पुन्हा बटन दाबलं की काही झालंच नाही अशा थाटात सुरू होते. परत येताना पुन्हा तोच तमाशा.

राळेगावच्या स्टँडजवळ मोटारसायकली दुरुस्त करणारा लखन एका कामासाठी गावात आला होता, त्याला दाखवली. त्यानं प्लग बदलला, कान लावून ऐकल्यासारखं केलं आणि कार्बोरेटर गेला म्हणून सांगितलं. नवा टाका म्हणे. आता या गाडीचा नवा कार्बोरेटर मी काय किराणा दुकानातून आणू?

निगा ठेवण्यात मी कसूर केलेली नाही. पडवीत कापसाचा ढीग छताला टेकला आहे. भाव येईपर्यंत तो हलणार नाही, आणि गाडीलाही दुसरी जागा नाही. रुई सारखी उडत असते. म्हणून सीटवर जुनी गोधडी घालते, टाकीच्या तोंडाला कापड बांधते, हँडल रोज पुसते. आणखी काय करायचं?

आता घाई कसली ते सांगते. दिवाळीत कमलाकर आला होता. तुला तुझा हा मावसभाऊ माहीत आहे, बँकेत बसून बसून सगळ्यात अटी घालायची सवय लागली आहे. जेवता जेवता मला म्हणाला, "आई, मले तिकडे यवतमाळात बसून रोज धाक लागून राह्यतो. गाडी नीट चालली तं राह्य इथंच, मी एक शब्द बोलनार नाही. नाही चालली तं नाताळच्या सुट्टीत तुले घेऊनच जातो." मीही ताटावरून हात न काढता हो म्हटलं. पायी शेतात जाणं माझ्या गुडघ्यांच्यानं होत नाही हे त्याला ठाऊक आहे. शेतात जाता आलं नाही तर मी इथं राहून करायचं काय, हा त्याचा मुद्दा.

पण मी जायची नाही. तुझे काका गेले तेव्हा तेरवीला सगळ्या सोयऱ्यांसमोर मी सांगितलं होतं की या घरातून मी आता मेल्यावरच निघेन. तूही होतास तिथं. बोललेलं बोललेलं असतं. तेव्हा गाडी चालली पाहिजे, आणि नाताळच्या आत चालली पाहिजे.

कार्बोरेटर कसा उघडायचा ते नीट लिही. चित्र काढ. मी काही अडाणी नाही.

बाकी बरं आहे. रेडिओला सेल फार लागायला लागले आहेत, झोपेतही तो चालू ठेवते म्हणून. आवाज असला की बरं वाटतं. असो.

तुझी
इंदूमावशी

·

मु. खडकी
८ डिसेंबर

चि. नयन,

तुझं पत्र आलं, चित्र छान काढलं आहेस. फक्त फ्लोट म्हणून जे काढलंस ते मला आधी वांगं वाटलं. विमलताईचा गुडघा दुखतो म्हणे. तिला सांग, आपल्या आईचे गुडघे आपल्याला वाटून आले आहेत, तक्रार करायची नाही.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. अंगणात सतरंजी घातली, वर मोठी परात ठेवली, म्हणजे बारीक स्क्रू मातीत जायला नकोत. देवराव पाने-पक्कड घेऊन आला. हा देवराव म्हणजे माझ्यासोबत शेत पाहणारा माणूस, तुझ्या काकांच्या वेळेपासून आहे आणि तेव्हापासून माझं ऐकत नाही. आधी पेट्रोलचा कॉक बंद केला, नळी काढली, एअर फिल्टरचा डबा उघडला. नयन, आत उशी भरता येईल इतकी रुई! फिल्टरचा स्पंज दिसतच नव्हता. हा पडवीतला कापूस गाडीनं खाल्ला होता आणि मला वाटत होतं उंदीर खातात.

मग कार्बोरेटर परातीत घेतला. एवढीशी वस्तू, मूठभर. खालची वाटी काढली तर पेट्रोलच्या तळाशी पाण्याचे थेंब वेगळे दिसत होते, आणि पिवळट चिकट थर. जेट म्हणून तू जो पितळी तुकडा दाखवलास त्याचं भोक उजेडाकडे धरलं तर पलीकडचं दिसेना. देवराव लगेच बाभळीचा काटा घेऊन आला. तू लिहिलं होतंस की तार किंवा सुई घालायची नाही, भोक मोठं झालं तर गाडी कायमची बिघडेल. मी त्याच्या हातावर चापट मारली. पेट्रोलमध्ये भिजवून ठेवला, सायकलच्या पंपानं हवा मारली, आणि पुन्हा उजेडाकडे धरला तर बारीक चांदणी दिसली. मला इतका आनंद झाला की मी ती वस्तू शेजारच्या मानीबाईला बोलावून दाखवली. तिला काही कळलं नाही, पण तिनं मान डोलावली.

सगळं परत बसवलं. एक वायसर उरला. तो कुठला ते अजून समजलं नाही, तुला पाकिटात पाठवते आहे. गाडी सुरू केली, काय आवाज म्हणून सांगू! मारुतीपर्यंत जाऊन आले. पारावरची मंडळी उठून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी नाल्याजवळ बंद पडली.

मी तिथंच जमिनीवर बसले. इतकं सगळं करूनही ही बया त्याच जागी मान टाकते. बटन दाबून दाबून शेवटी बॅटरीही बसली. मग गाडी तिथंच सोडली आणि चालत आले. जरा उशीर झाला, बाकी काही विशेष नाही. दुसऱ्या दिवशी देवरावनं ढकलत आणली, बॅटरी राळेगावहून चार्ज करून आणली.

मध्येच उठून गेले होते. दार वाजल्यासारखं झालं, कुणी नव्हतं. कुठं होते मी?

हां, शुभदाचा फोन आला होता. पारावर उभी राहून घेतला, म्हणून नुसतं हं हं केलं. तिनं म्हणे समोरची खोली रिकामी केली आहे. खुशीनं, म्हणजे माझ्या नातीनं, आजीचा पलंग खिडकीशी लागला पाहिजे म्हणून हट्ट धरला आहे. खिडकीतून शाळेचं मैदान दिसतं, सकाळी प्रार्थना ऐकू येते. संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या बायका जिन्यात बसून मटार सोलतात आणि गप्पा मारतात. शुभदा म्हणते, त्यांच्यातल्या एकीची आई आपल्या राळेगावकडचीच आहे. मी म्हटलं, मला काय करायचंय. इतकी सगळी तयारी कशाला, मी कुठं येणार आहे? पण पोरगी फोनवर आली. "आजी, तू कधी येऊन राह्यली? मी माझा अर्धा कप्पा रिकामा केला." मी म्हटलं, बघू. बघू म्हणजे नाहीच, पण लहान पोरीला तोंडावर नाही कसं म्हणायचं.

तुला एक विचारायचं होतं. कार्बोरेटर कायमचा जाऊ शकतो का? म्हणजे साफ करूनही, सगळं नीट करूनही, काही गाड्यांचा जातोच, असं होतं का? जुनी गाडी आहे. रिसॉर्टातल्या पोरांनी तिचे हाल केलेलेच असतील. तसं असेल तर मोकळेपणानं लिही, मला वाईट वाटणार नाही. आणि तसं नसेल तर पुढचा उपाय लिही.

कार्बोरेटरचं आधी विचारलं ते आधी सांग.

तुझी
इंदूमावशी

·

मु. खडकी
१९ डिसेंबर

चि. नयन,

तुझं पत्र परवा मिळालं. कार्बोरेटर असा मरत नाही, असं एका ओळीत लिहून तू मोकळा झालास. बाकीचं पानभर उपाय. तू तुझ्या काकांसारखा आहेस, विचारलेलं सोडून उपयोगाचं बोलतोस.

तू लिहिलंस, पुन्हा बंद पडेल तेव्हा कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू सैल करून पेट्रोल गळतं का बघ. गळलं नाही तर कार्बोरेटरला नावं ठेवू नकोस, त्याच्यापर्यंत पेट्रोलच पोचत नाही. मग टाकीचं झाकण उघड आणि कान दे.

काल देवरावला सोबत घेऊन गेले. खेकडा नाल्याजवळ थांबला. स्क्रू सैल केला, एक थेंब आला नाही. टाकी मात्र अर्धी भरलेली. मग मी टाकीवरचं कापड सोडायला लागले आणि देवराव बघत राहिला.

हे कापड कसं बांधते ते तुला लिहिलं नव्हतं. आपण लोणच्याच्या बरणीला कसा दादरा बांधतो, तसं. झाकणावर आधी प्लास्टिक, त्यावर कापडाचे दोन पदर, आणि वरून सुतळीचे वेढे घट्ट आवळून. रुईचा एक धागा आत जायला नको म्हणून. माझ्या हातची बरणी वर्षभर बुरशी धरत नाही हे तुला माहीत आहे. मी टाकीही तशीच बांधली होती. रोज सकाळी तपासून, सैल वाटली तर पुन्हा आवळून.

कापड काढलं, झाकण फिरवलं आणि सुस्स करून हवा आत गेली. इतक्या जोरात की मी हात मागे घेतला. लगेच बटन दाबलं, गाडी सुरू. देवराव बांधावर बसून पोट धरून हसला. "बाई, तुमी तं खेकड्याले लोणचं समजून राह्यल्या. वरून हवा जाईन तवा तं खालून पेट्रोल उतरन." मलाही हसू आलं. झाकणाला बारीक भोक असतं आणि तेच मी बुजवलं होतं. बिचारा कार्बोरेटर, त्याला लखननं नावं ठेवली, मी शिव्या घातल्या, परातीत काढून खरवडला, आणि दोष सगळा माझ्या सुतळीचा.

त्यानंतर कापड न बांधता दिवसभर चालवली. शेताला दोन फेऱ्या मारल्या, पलीकडच्या टेकाडापर्यंत गेले, कुठं म्हणून थांबली नाही. गावात आले तेव्हा देवरावनं सगळ्यांना सांगून ठेवलेलं. पारावरून कुणीतरी ओरडलं की इंदूबाई, आता तुमाले इथून कोन हलवते बघतो. मी हात हलवला.

घरी आले, गाडी पडवीत लावली आणि कापसाच्या ढिगाला टेकून रडले.

नयन, हे विमलताईला वाचून दाखवू नकोस. तिच्या पोटात काही राहत नाही.

मागच्या पत्रात चालत आले, जरा उशीर झाला, असं लिहिलं होतं. ते तसं नव्हतं. बॅटरी बसली तेव्हा ऊन उतरलं होतं. देवराव लग्नाला बाभुळगावला गेला होता, वेचणीच्या बाया आधीच परतल्या होत्या. मी चालायला लागले आणि थोडं चालल्यावर गुडघा असा लचकला की पाऊल टाकवेना. बांधाला धरून बसले. अंधार पडला. कापसाच्या पऱ्हाटीत रानडुकरं खसफसत होती. या भागात वाघ फिरतो म्हणून लोक बोलत असतात ते सगळं तेव्हाच आठवलं. पण भीती त्याची नव्हती. मी बसल्या बसल्या विचार करत होते की आता कोण शोधायला येईल. एकेक नाव घेतलं. मानीबाईला वाटेल मी घरात आहे. देवराव उद्या येईल. कमलाकरचा फोन रविवारी येतो. मी घरी आले नाही, हे कळणारं गावात कुणीच नव्हतं. दारू पिऊन पांदणीनं येणाऱ्या एकानं मला पाहिलं आणि घरापर्यंत धरून आणलं. त्याला मी कोण हेसुद्धा उमगलं नसावं, तो मला सारखा आत्याबाई म्हणत होता.

तेव्हापासून दुपार कलली की मला घरात बसवत नाही. उगाच उठते, दारापर्यंत जाते, परत येते. भांडी घासलेली पुन्हा घासते. भाकर सकाळीच दोन वेळची करून ठेवते, कारण एकटीसाठी पुन्हा चूल पेटवायचा कंटाळा येतो. खोल्या सगळ्या कापसानं भरलेल्या, मी स्वयंपाकघरात झोपते. कापसात आवाज मुरतो रे. मी मोठ्यानं बोलले तरी घरात ऐकू येत नाही. रेडिओचंही तेच. त्यातली माणसं माझ्याशी बोलत नाहीत हे मला कळतं, मी काही खुळी झालेली नाही.

मला यवतमाळला जायचं आहे.

लिहिलं एकदाचं. शुभदाशी माझं कधी फार जमलं नाही, पण तिनं खोली रिकामी केली. मला त्या जिन्यात बसून मटार सोलायचे आहेत. खुशीच्या अर्ध्या कप्प्यात माझ्या साड्या ठेवायच्या आहेत. शेत देवराव बटईनं, अर्ध्या वाट्यानं, करायला तयार आहे, त्यानं मागेच आडून आडून सुचवलं होतं आणि मी त्याच्यावर वसकन ओरडले होते.

पण तेरवीला मी बोलले ते सगळ्यांनी ऐकलं आहे. तुझ्या काकांचा फोटो समोर होता, हार ओला होता. कमलाकरच्या आत्या अजूनही प्रत्येक लग्नात माझं उदाहरण देतात, बघा इंदू कशी घर धरून राहिली. मी आपण होऊन पिशवी उचलली तर त्यांना काय, चार दिवस बोलायला मिळेल. मला मात्र ते उरलेल्या आयुष्यात ऐकावं लागेल, आणि माझ्याच तोंडचं असल्यामुळे उलट काही म्हणताही यायचं नाही. कमलाकरला सांगायला गेले तर माझी जीभ उचलत नाही. त्याला मी इतकी वर्षं इतकं ताठ उभं राहून दाखवलं आहे. आणि तो सरळ माणूस आहे. गाडी चालली तर एक शब्द बोलणार नाही म्हणाला, तर खरंच बोलणार नाही. हात जोडून निघून जाईल.

गाडी बंद पडायची तेव्हा मी तुला उपाय विचारत होते आणि मनातून म्हणत होते, सापडू नये. आता ती चालते. सगळ्या गावानं पाहिलं आहे. पुन्हा तोंड बांधून तिला थांबवायचं माझ्या मनात आलं, खोटं कशाला बोलू, सुतळी हातात घेतली होती. पण देवराव आज सकाळीच स्वतः येऊन झाकण बघून गेला, आता रोज बघणार म्हणतो.

म्हणून तुझ्याकडे मागणं आहे. गाडी तुझी आहे. मला तू वापरायला दिली होतीस, दिलेली परत मागायचा तुला हक्क आहे. कमलाकर पंचवीस तारखेला येतो आहे, म्हणून हे पत्र स्पीड पोस्टानं टाकते. त्याच्या आत ये आणि गाडी घेऊन जा. तुला ती कशाला हवी ते काहीही सांग, मित्राला पाहिजे म्हण, चाकणला शर्यत आहे म्हण, तुला सुचेल ते. राळेगावात मालवाहू ऑटो मिळतो, त्यात ती मावते. गाडी नाही म्हणजे शेत नाही, आणि शेत नाही म्हणजे कमलाकरनं घातलेल्या अटीत मी हरले. हरलेल्या बाईला कुणी काही विचारत नाही.

एवढंच लक्षात ठेव. तू येशील तेव्हा मी तुझ्याशी भांडेन. दारात उभी राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. दिलेलं परत नेतोस, लाज वाटत नाही का, असं म्हणेन. देवरावही माझ्या बाजूनं बोलेल, त्याला यातलं काही माहीत नाही. कदाचित मी हँडल धरून ठेवेन. तू मनावर घेऊ नकोस आणि मावशीची दया येऊन थांबूही नकोस. माझा हात सोडव आणि गाडी ने.

दारातच तुझी वाट पाहत बसलेली,
इंदूमावशी